गच्चीवरची येळवस

बसाप्पांचं शेत माझ्या डोक्यावर होतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. मी भूगोल शिकवते. अलंकार आमच्या शाळेत मराठीच्या बाईंकडे आहेत. साखर पेठेतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली, खोलीवर गच्ची आणि गच्चीवर बसाप्पांची ज्वारी. रॉकेलचे पत्र्याचे डबे आडवे पाडून, वरची बाजू कापून, त्यांत काळी माती भरून ती पेरलेली असे. मधून विटांच्या तुकड्यांचा एक बांधही होता. रोज सकाळी त्या बांधावरून अनवाणी चालल्याशिवाय बसाप्पा गिरणीला जात नसत.

आंघोळसुद्धा ते शेतातच करत. चारी बाजूंनी डबे, मधे पाट, पाटावर पंचा नेसलेले बसाप्पा. अंगावरून उतरलेलं पाणी सरळ पिकाला. "अंग बी निघतंय, पीक बी पितंय," ते मला खाली ऐकू येईल अशा बेतानं सांगत, "काय कमी हाय, सांगा की." पिकानं पिऊन उरलेलं पाणी माझ्या छतात मुरे. पहिल्या वर्षी तिथं श्रीलंकेच्या आकाराचा डाग पडला. पुढं त्याचा ऑस्ट्रेलिया झाला, आणि सिडनीच्या आसपास जो थेंब धरायचा तो बरोबर माझ्या उशीवर पडायचा. घरमालक पुण्याला राहत. त्यांना आमची आठवण फक्त एक तारखेला होई.

बसाप्पा गिरणीत टॉवेलांच्या घड्या घालण्याच्या खात्यात होते. ठेंगणा बांधा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि तोंडात ते एकच वाक्य: "काय कमी हाय, सांगा की." खरंतर माझ्याकडे यादी तयार असे. "अण्णा, साखर कमी आहे, रॉकेल कमी आहे, नळाला पाणी दिवसाआड आहे आणि माझ्या छताला चुना कमी आहे." त्यावर ते मान हलवत. "तसं न्हवं, बाई." मग कसं, ते कधी सांगत नसत.

आनंदी माणसांचा मला पहिल्यापासून जाच वाटतो. दुःखी माणूस निदान आपलं दार लावून घेतो. आनंदी माणूस दुसऱ्याचं वाजवतो. बसाप्पा माझं दार वाजवून, जिन्यातून चार माणसं जात असताना विचारत, "बाई, तळपायाला तेल चोळलं काय?" चहा म्हणजे विष. सकाळी एक वाटी अंबील प्यायची, उगवतीकडं तोंड करून मोठ्यानं हसायचं, की दवाखान्याला कुलूप. मला पित्ताचा त्रास आहे हे त्यांना कळलं तेव्हा तर मी आता संपलेच असं मी धरून चालले. आठवडाभर रोज ताक, ज्वारीचं पीठ आणि उपदेश हे सगळं एकाच तांब्यातून येत होतं. चिडायची गोष्ट ही, की पित्त खरंच कमी झालं.

त्यांच्या घरात विकत आणलेली वस्तू शोधावी लागे. गिरणीतल्या टाकाऊ दोराचा झोपाळा, टॉवेलांच्या काठांची गोधडी, तुटक्या बांगड्यांचं दाराला तोरण. झोपाळ्यावर बसलेला पाहुणा एकदा तरी पडायचाच, आणि पडला की बसाप्पा त्याच्यापेक्षा आधी हसायचे. गच्चीवर बुजगावणं होतं, त्याला गिरणीतला जुना शर्ट. कावळे त्याच्याच खांद्यावर बसून ज्वारीकडं बघत.

आणि हा माणूस घर सोडून कुठं म्हणजे कुठं जायचा नाही. गड्ड्याची यात्रा भरली की सगळं सोलापूर तिकडं लोटायचं, बसाप्पा गच्चीवर माती भुसभुशीत करत बसायचे. त्यांची बायको गंगव्वा एकदा माहेरच्या लग्नाला एकटीच गेली. विचारलं तर म्हणत, "भाईर काय हाय, बाई? समदं घरातच हाय."

घरात नव्हतं, ते बसाप्पा रस्त्यावरून ओढून आणत. पोस्टमन, कोपऱ्यावरचा पानवाला, दूधवाला, गिरणीतली पोरं, सगळ्यांना ते एकाच नावानं हाक मारत. तम्मा. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, आणि बा म्हणजे ये. "ए तम्मा, बा, बा," अशी गच्चीच्या कठड्यावरून हाक आली की खालचे निम्मे लोक वर बघत, कारण ती हाक कुणालाही असू शकायची. मला वाटायचं, नावं लक्षात ठेवायचा कंटाळा.

वर्षातून एकदा या सगळ्याला ऊत यायचा, तो येळवशीला. मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडं त्या दिवशी शेतकरी बायकापोरांसकट शेतात जातो. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, उभ्या पिकाला अंबील शिंपडायची, आणि वाटेनं जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या दिवशी वैऱ्यालाही शेतातून उपाशी पाठवत नाहीत. बसाप्पा हे सगळं गच्चीवर करत. खोप तीन पेंढ्यांची. पांडव विटांच्या तुकड्यांचे. वाटसरू मात्र खरे, कारण ते खाली रस्त्यावर जाऊन धरून आणलेले असत.

जेवणाबद्दल बोलायलाच हवं. येळवशीची भज्जी म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, मिळतील त्या भाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेलं, बाजरीच्या वाफवलेल्या उंड्याबरोबर खायचं. जगात तिच्यासारखं काही नाही. बसाप्पांची भज्जी अळणी असायची, दरवर्षी. गंगव्वा चुलीशी बसलेली, आणि बसाप्पा तिच्या डोक्यावर उभे: "मीठ बेतानं. आई बेतानंच घालायची." पाहुणे निमूट गिळायचे. मी रुमालात मिठाची पुडी बांधून न्यायचे.

गावाकडं त्यांचं खरं शेत होतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. गंगव्वा माझ्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. मी सहज विचारलं, अण्णा गावी का जात नाहीत.

"जात हुते की," ती म्हणाली. "दर येळवशीला जात हुते. धाकटा सिद्राम शेत करतो, हे गिरणीत. वाटणी न्हाय, भांडण न्हाय. एका येळवशीला समदे जेवाय बसलेले. सिद्राम बायकोला म्हनला, पाव्हण्यांना वाढा की, पाव्हणं वरसातनं एकदा येत्यात. झालं. ह्यांनी हातातला उंडा खाली ठिवला आन् उठले. बारा वरसं झाली."

"अहो, चेष्टा केली असेल त्यानं."

"असंल. पण आपल्याच शेतात थोरल्याला पाव्हणा म्हनायचं?"

"एका शब्दावरून?"

"शब्दच की, बाई. दगड मारला असता तर खोक भरून आली असती."

पुढचं तिनं हळू आवाजात सांगितलं. बसाप्पा दर येळवशीला अक्कलकोटच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप धाडत: गच्चीवर येळवस हाय, सिद्रामला या म्हनावं. आता येळवशीला स्वतःचं शेत सोडून शेतकरी शहरात जेवायला येईल का? नवऱ्या मुलाला त्याच्याच मुहूर्तावर दुसरीकडं बोलावण्यासारखं ते. बसाप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. "दरसाल बोलावतो की," ते बायकोला सांगत, "येत न्हाय त्याला मी काय करू?" माणूस आपला राग किती काळजीनं वाढवतो ते बघा. ज्वारीपेक्षा जास्त काळजीनं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चहूकडं शेतं उघडी पडली, माणसं खडी फोडायला गेली. जिल्ह्यात उभी ज्वारी कुठं दिसली असती तर ती आमच्या गच्चीवर, बसाप्पांच्या आंघोळीच्या पाण्यावर. नळाला तर कधीही पाणी यायचं, कधीही जायचं, पण बसाप्पांनी बादलीभर आंघोळ सोडली नाही. इमारतीत सगळे त्यांच्यावर चिडलेले होते. मी सर्वांत जास्त.

त्या वर्षीही येळवस झाली. भाज्या नावालाच होत्या. पोस्टमन, पानवाला आणि दूधवाला जेवून खाली गेले. बसाप्पा चौथा वाटसरू धरायला निघणार, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आपल्या पायांनी वर आलेला तो पहिलाच पाहुणा. बसाप्पांचंच तोंड, पण अंगानं उंच आणि वाळलेला. डोक्याला मळका फेटा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातात एक जड गाठोडं. गंगव्वा पदर सारखा करत उभी राहिली, तेव्हा तो कोण ते मला कळलं.

त्यानं माणसांकडं पाहिलंच नाही. आधी डब्यांकडं गेला, वाकला. कणसं नुकती बाहेर पडत होती. एका कणसाखाली त्यानं हात धरला. "निसवलीया की," तो म्हणाला.

बसाप्पा पुढं झाले. "या पाव्हणं. बसा. गाव कुठलं म्हनायचं?"

सिद्रामनं भावाकडं जरा वेळ बघितलं. मग खाली बसला. "अक्कलकोटाकडचा."

"पाऊसपानी?"

"न्हाय."

"शेतं?"

"मोकळी हायत. म्हनून तर आलो."

गंगव्वा वाढायला वाकली. बसाप्पा तिला म्हणाले, "पाव्हण्यांना वाढा की. पाव्हणं वरसातनं एकदा येत्यात." टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या माणसानं ते वाक्य इतकी वर्षं घडी मोडू न देता जपलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. जो येईल त्याला, रस्त्यावरच्या कुणालाही, तम्मा म्हणणारा हा माणूस सख्ख्या तम्माला पाव्हणं म्हणत होता.

सिद्राम जेवला. चिंध्यांची बोटं जपत, पण पोटभर जेवला. दुष्काळी कामावरून आलेला माणूस जसा जेवेल तसा. बसाप्पा समोर उकिडवे बसून बघत होते. शेवटी सवयीनं त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलंच. "काय कमी हाय, सांगा की."

"मीठ कमी हाय, अण्णा."

माझा हात रुमालाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"आपल्या हिरीचं पानी मचूळ, खारं," सिद्राम पानाकडं बघत म्हणाला. "त्या पान्यात शिजवायची म्हनून आई मीठ कमी घालायची. हितं नळाचं पानी. हितं घालाय पायजे."

इतक्या वर्षांची अळणी भज्जी माझ्या डोळ्यांपुढून गेली. गंगव्वा नवऱ्याकडं बघत होती. 'आपल्या हिरीचं', असं तो म्हणाला होता. आता बसाप्पांनी नुसतं हुं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"ह्या घरात असंच खात्यात, पाव्हणं," बसाप्पा म्हणाले.

सिद्रामनं हात धुतले. गाठोडं पांडवांपाशी ठेवलं. "हे शेतातलं. दुसरं काय न्हवतं आनाय," तो म्हणाला. वहिनीच्या पाया पडला, भावासमोर क्षणभर थांबला, "येतो," म्हणाला आणि जिना उतरला. मला बसाप्पांचा इतका संताप आला, की छताचा सगळा हिशेब तिथंच मांडावा असं वाटलं. घरातल्या आनंदाचा गावभर उपदेश करणारा, आणि घरचं माणूस दारात आलं तर त्याला गाव विचारणारा.

बसाप्पांनी पान उचललं, जागा पुसली. मग ते गाठोडं सोडायला बसले. आत पाच दगड होते. गेल्या येळवशीचा चुना त्यांच्यावर अजून होता आणि बुडाला काळी माती वाळून चिकटलेली. बसाप्पा त्या मातीवर अंगठा फिरवत राहिले. माती सुटून त्यांच्या मांडीवर पडली. तशी ते उठले आणि कठड्याकडं धावले. त्या वयाच्या माणसाला इतक्या जोरात धावताना मी पाहिलं नव्हतं.

"तम्मा!" ते ओरडले. "ए तम्मा!"

खाली पानवाल्यानं वर पाहिलं. पोस्टमननं सायकल थांबवून वर पाहिलं. दूधवाल्यानं पाहिलं. फेटा मात्र चौकाच्या दिशेनं तसाच चालत राहिला. हाक त्यालाही ऐकू गेली असणार, अख्ख्या पेठेला गेली होती. पण दुपारभर त्याला पाव्हणं म्हटलेलं होतं. ही हाक आपल्याला असेल असं त्याला वाटायचं काही कारण नव्हतं.

"नावानं हाक मारा, अण्णा," मी म्हटलं. "सिद्राम म्हणा."

त्यांचे ओठ हलले. तोवर फेटा चौकातून वळला होता.

"काय अण्णा?" पानवाल्यानं खालून विचारलं.

बसाप्पांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "काय न्हाय," ते म्हणाले. "जेवलास काय?"

"जेवलो की, तुमच्याकडंच तर."