भिंतीवरच्या मोटारीची तपासणी

मलप्पा पेंटर यांनी कचेरीच्या भिंतीवर मोटारीचं चित्र काढलं आणि ते हुबेहूब निघालं. एवढा एक अपराध सोडला, तर पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या त्या गावात मलप्पांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या. पुढे प्लेटा कारखान्यातून तयार यायला लागल्या आणि मलप्पांचा ब्रश रिकामा झाला. मोटारींचं वेड मात्र सुटलं नाही. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ते मोटारी काढत बसायचे आणि घरात भिंतीवर लावायचे. काही पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, गोल बोनेटच्या, देगलूरच्या एका डॉक्टरांकडे होती तशा. काही अजून जन्मालाच न आलेल्या, करडईच्या बोंडासारख्या उघडणाऱ्या.

"घरात सायकल न्हाई आन् भिताडावर मोटारींचा ताफा," त्यांच्या पत्नी रत्नम्मा म्हणायच्या. पण नवं कॅलेंडर आलं की जुनं जपून त्यांच्याच हाती द्यायच्या.

अशात गाव सुंदर करण्याचा शासकीय उपक्रम आला आणि कचेरीच्या बाहेरच्या भिंतीवर 'काल आणि उद्या' रंगवायचं काम मलप्पांना मिळालं. डावीकडे त्यांनी कालची मोटार काढली, खऱ्याएवढी. बंपर असा चकचकीत, की जाणारे-येणारे त्यात बघून केसांवरून हात फिरवत. उजवीकडे उद्याची: पाकळ्यांचे दरवाजे, ज्वारीच्या कणसासारखे दिवे, आत ड्रायव्हर नाही. अहमदपूरहून एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं आणि बोनेटला टेकून उभं राहिलं. मलप्पा रस्त्यापलीकडे उभे राहून बघत होते. "माझ्या हातात येवढं हुतं व्हय?" ते रत्नम्मांना म्हणाले आणि उगाच उपरण्याने चष्मा पुसू लागले.

आठव्या दिवशी विंडशील्डवर नोटीस चिकटलेली दिसली. 'सदर जुने वाहन कार्यालयाच्या भिंतीलगत आठ दिवस विनाहालचाल उभे आहे. मालकाने खुलासा करावा.'

मलप्पा थेट कारकून बजरंगकडे गेले.

"बजरंगराव, ते चित्र हाय. परवानगीचं पत्र तुमीच टाइप केलंतं."

"हाव मामा. पण पत्रात काय हाय? 'मोटार काढण्यास परवानगी देण्यात येत आहे.' तुमी काढली कुठं? उभी करून ठेवलीत!"

मलप्पा साहेबांकडे गेले. शिवकुमार साहेब नवे होते, सज्जन होते आणि फाइलबाहेर बघत नसत. त्यांच्या खिडकीतून ती भिंत दिसत असे, म्हणून त्यांनी पडदा लावून घेतला होता.

"चित्र आहे असं तुम्ही म्हणता. तसा दाखला जोडा."

"कोन देतंय साहेब आसला दाखला?"

"सक्षम अधिकारी."

"ते कोन?"

"ते कळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल."

दरम्यान, मलप्पांनी सवयीने रंगवलेला नंबर संगणकात सापडला नाही. घाबरून त्यांनी तो पांढरा रंग मारून पुसला. फाइलवर शेरा पडला: 'तपासणी चालू असताना नंबर नष्ट केला.' मग तपासनीस आले. त्यांनी भिंतीसमोर खुर्ची टाकली आणि तासाभरात अहवाल लिहिला: 'हॉर्न वाजत नाही. चाके फिरत नाहीत. दरवाजे उघडत नाहीत; मालकाने चावी देण्यास टाळाटाळ केली. धूर: अजिबात नाही, समाधानकारक.'

साहेबांना मलप्पांची दया आली. "हे बघा, गावातल्या एका जबाबदार नागरिकाने लेखी द्यावं, की हे चित्र आहे. एकच सही, आठ दिवसांत. मी फाइल बंद करतो."

मलप्पांचा जीव भांड्यात पडला. एकच सही! त्यांनी एका ओळीचा कागद केला: 'समोरच्या भिंतीवर जे आहे ते चित्र आहे.' रत्नम्मा लगेच सही करायला बसल्या, पण घरच्यांची सही चालत नव्हती.

अडत दुकानदार गुरुपादप्पा म्हणाले, "चित्रच हाय की! आंधळ्यालाबी दिसंल. पर माज्या गोदामाची फाइल तितंच आडकून हाय. तोंडी कितीबी येळा सांगतो."

मुख्याध्यापक म्हणाले, "माझी सही मुलांच्या दाखल्यावर असते, वादातल्या वाहनावर नको." वकील चंद्रप्पा यांनी चित्राचं पाऊण तास कौतुक केलं, चहा पाजला आणि कागद दोन बोटांत धरून परत दिला. लग्नाच्या जोडप्याला फोन केला, तर नवरदेव म्हणाला, "काका, आमाला वाटलं गाडी खरीच हाय."

गावात चाळीस हजार माणसं. मुदत संपली तेव्हा कागदावर एकही सही नव्हती. सबब, ते वाहनच आहे असं कचेरीने ठरवलं; आणि वाहन जुनं व नादुरुस्त असल्यामुळे ते मोडीत काढण्याचा हुकूम निघाला.

बुधवारी सकाळी जेसीबी आला. गाव लोटलं. सगळ्यांनी हळहळत हळहळत मोबाइलवर चित्रीकरण केलं. कालची मोटार भिंतीसकट खाली आली. मलप्पांनी विटांच्या ढिगात हात घातला, तर रत्नम्मांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. हाताला लागंल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच मोठमोठ्याने रडू लागल्या.

चार दिवसांनी मलप्पांना वाहन मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र घरपोच मिळालं, आभारासह. पडलेल्या भिंतीतून कचेरीत गुरं शिरू लागली आहेत. त्यांच्यासाठी समिती नेमली आहे.

उजवीकडची भिंत मात्र अजून उभी आहे. उद्याच्या मोटारीवर कालच नोटीस लागली: 'चालक नसलेले वाहन.' मुदत सोमवारपर्यंत. मलप्पांनी तसाच एक कागद पुन्हा केला आहे आणि दारोदार फिरून ते थकले आहेत.

आपण इथवर वाचलंत, मधूनमधून हसलात, म्हणजे ते चित्र आहे हे आपल्याला पटलेलं दिसतं. आपण जबाबदारही आहात. तेव्हा सही इथे, खाली करा. नाव स्पष्ट लिहा, पत्ता लिहा, मोबाइल नंबर लिहा.

काय झालं? पेन आहे ना?