अप्पांच्या विलोचे शेंडे

अन्याय झाला आमच्या वडवणीतल्या दगडूअप्पांवर. गेल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, भरदिवसा. आरोपी शेजारचा नामदेव. हत्यार त्याची स्वतःची बोटं. आणि गल्लीनं वर कौतुक केलं!

अप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेला माणूस. मे महिन्याच्या दुपारी दारात छत्री धरून उभा असतो. स्वतः उन्हात, छत्री झाडावर. झाड कसलं, शोभेचं विलो नावाचं झुडूप. खाली हिरवं, वर कोवळे शेंडे पांढरे-गुलाबी. थंड मुलखातलं. आमच्या उन्हात माणसं टिकेनात, आणि अप्पांनी हे पुण्याच्या नर्सरीतून मांडीवर बसवून आणलं! बुडाला ओलं गोणपाट, अंघोळीचं पाणी सगळं त्याला. कुणी जवळ गेलं की ओरडणार, "दमानं! पाव्हणं हाय ते."

आता गल्लीत सगळे कापसाचे आणि उसाचे तज्ज्ञ. कापसाचं पान लाल पडलं की लाल्या, उसाचं पांढरं पडलं की केवडा. इथं एकाच झाडाला दोन्ही रोग! "अप्पा, लई रोगट हाय, उपटून टाका," हा सल्ला रोज फुकट. अप्पांचं उत्तरही रोजचंच, "रोगट तुमचं डोस्कं."

सोमवारी अप्पा बायकोचे, आमच्या शांताकाकूंचे, डोळे दाखवायला अंबाजोगाईला गेलते. इकडं नामदेवमधला शास्त्रज्ञ जागा झाला. कापसाचे शेंडे खुडतात तसे त्यानं विलोचे सगळे रंगीत शेंडे खुडले. रोग पसरू नये म्हणून जाळलेसुद्धा! उरलं नुसतं हिरवं. "बगा, झालं का न्हाई बरं?" गल्ली खूश.

संध्याकाळी रिक्षा कोपऱ्यावर थांबली. मी समोरच्या ओट्यावर होतो. अप्पा पिशव्या उतरवत होते, काकू नेहमीसारख्या एकट्याच पुढं निघाल्या. स्वतःच्या दारावरून सरळ पुढं गेल्या आणि नामदेवच्या दाराची कडी चाचपू लागल्या.

नामदेव हसला. "काकू, घर इसरलाव काय?"

अप्पा धावत आले. मला वाटलं, आता जुंपणार. त्यांनी काकूंचा हात धरला.

"हिला आता पांढरं तेवढंच दिसतंय रे," एवढंच म्हणाले. मग झाडाकडं बघून, "फुटंल पुन्हा. नव्या फुटीलाच रंग असतोय."

फुटेल तेव्हा फुटेल. तोवर, वडवणीकरांनो, काकू आपल्या दारावरून पुढं जाताना दिसल्या तर हसू नका, सल्ला तर मुळीच देऊ नका. हात धरा आणि घरी सोडा.