भाव न करणारा पाहुणा

गजभिये मावशींना चोराची भीती वाटत नाही, सापाची वाटत नाही. त्यांना भीती वाटते ती भाव न करणाऱ्या माणसाची.

रायपूरच्या बूढापारा वस्तीत आमच्या समोरच त्यांचं दुमजली घर. काका रेल्वेत होते, ते गेले. मुलगी लग्न होऊन भिलाईला. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, कचेऱ्या आल्या, मोठाली हॉस्पिटलं आली, तशी कामं घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. मुलीने आईची वरची खोली मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर दिवसाच्या भाड्याने टाकून दिली. मावशींना त्यातलं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पाहुण्यांचे निरोप वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी एका सरकारी कचेरीत कारकून, आणि स्वभावाने पक्का भित्रा.

भाडं मुद्दाम चढवून ठेवायचं, हा मावशींचा नियम. "कमी कराले काही तं पाहजे ना!" पाहुण्याने सूट मागितली की त्या पदर खोचतात आणि मला फोन लावायला सांगतात. "एसी नहीं लगाएँगे" म्हणणाऱ्याला त्यांचं उत्तर, "तो पंखा भी मत लगाओ, और कम कर देती." "पाँच स्टार देंगे" म्हणणाऱ्याला, "तारे हमारे छत से फोकट में दिखते." कुणी म्हणालं, आम्ही नेहमी येऊ, तर, "हव, फिर अगली बार कम करूँगी." अशी दहा मिनिटं हुज्जत चालते. तेवढ्यात पाहुण्याचं गाव, दुखणं, लग्नाची मुलं, सगळं निघतं. शेवटी मागितल्याच्या निम्मी सूट आणि सकाळचे पोहे यावर सौदा पटतो आणि मावशींच्या तोंडावर घरी माहेरचं माणूस आल्यासारखं तेज येतं.

एकदा मी आनंदाने ओरडत गेलो, "मावशी, तीन दिवसांचं बुकिंग! पूर्ण भाड्यात!"

मावशी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"कमी करा नाही म्हणाला?"

"नाही."

"मंग याले काय झालं असंल रे, प्रकाश?"

मी हसलो. म्हटलं, पैसेवाला असेल. मावशी हसल्या नाहीत. "पैसेवाला तं आधी सूट मांगते," त्या म्हणाल्या, आणि मला त्या दिवशी ते फार विनोदी वाटलं.

पाहुणा आला. छत्तीसगडमधल्याच रायगढकडचा, चाळिशीचा, हातात एकच पिशवी. मावशींनी वरच्या खोलीच्या दारातच सुरुवात केली. पंखा आवाज करतो, सांगितलं. "ठीक है, आंटी." नळ फक्त सकाळी येतो. "ठीक है." गादी जुनी आहे, दोनशे कमी करून टाकते. "रहने दीजिए, आंटी, ठीक है."

मावशी जिना उतरल्या त्या पांढऱ्याफटक होऊन. "मी स्वतः कमी करून राहिली, तं हा घेऊन नाही राहिला!"

तासाभराने कडी गंजल्याचं निमित्त करून त्यांनी मला स्क्रू-ड्रायव्हर देऊन वर पाठवलं आणि त्या खोलीची आतली कडी काढून आणवली. पाहुणा खिडकीशी बसून होता. मी कडी घेऊन निघालो तरी त्याने काहून, कशाला, काही विचारलं नाही. मग मात्र माझंही हसू गेलं. आतली कडी काढून नेणाऱ्या माणसाला कोण जाऊ देतं?

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कचेरीत कारण काय सांगितलं ते इथे सांगत नाही. येऊन पाहतो तर मावशी जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसलेल्या.

"सकाळपासून आवाज नाही. पाणी भराले गेली होती, तेवढीच उठली मी. तू पाह्य वर जाऊन."

"तुम्ही पहा ना."

"माह्याच्यानं नाही होत, बाबू."

मी जिना चढलो. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग डोळे मिटून ढकललं.

खोली रिकामी होती. पिशवी जागेवर. पलंगावर त्याचा मोबाइल.

"आहे का?" खालून मावशी.

"नाही. मोबाइल इथंच आहे."

मावशी उठल्या आणि चपला न घालताच निघाल्या. बूढा तलाव आमच्या घरापासून दोन गल्ल्या. त्या गल्ल्यांतून साठी ओलांडलेली ती बाई स्कूटरवाल्यांना हाताने बाजूला सारत चालली होती आणि मी मागून धावत होतो. मनात एकच विचार : आपण उशीर केला.

तो काठावर बसला होता. पाण्याकडे पाहत होता. मी हाक मारणार तोच मावशींनी मला मागे सारलं, त्याच्या शेजारी फतकल मारली आणि धापा टाकत म्हणाल्या,

"मैंने तुमको ठगा."

त्याने वळून पाहिलं.

"वो रूम का इतना भाव है ही नहीं. इधर किसी को भी पूछो. तुम कुछ बोले काहून नहीं?"

तो पुन्हा पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "भाव तो वो करती थी."

"कौन?"

"मेरी घरवाली. यहीं अस्पताल में थी. उसको गए महीना हुआ. उसी के कागज़ लेने आया हूँ." रिकामा खिसा चाचपत म्हणाला, "फोन क्यों छोड़ आया, मुझे भी नहीं मालूम, आंटी."

मी तिथेच खाली बसलो. मावशींनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, "अच्छा, तो बोलो. कितना कम करूँ?"

"जो आप—"

"मैं नहीं. तुम बोलो!"

त्याने घसा खाकरला. "आधा?"

"आधा?" मावशी कडाडल्या. "अरे, गादी नई है मेरी! पंखे को हाथ लगाके देखो! आधा बोलता है!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भांडत होतं. शंभर-शंभरावरून दोघं किती तरी वेळ घासाघीस करत राहिले. एका आकड्यावर तो जरासा हसला, तेव्हा मावशींनी डोळे पुसले. मग पोटात दोन घास घालायला घरी चला, असं फर्मान सुटलं.

परतताना तो दहा पावलं पुढे होता. मावशी माझा दंड धरून चालत होत्या.

"तुहे काका रिक्षावाल्यासंग आठ आण्यांसाठी भांडत," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटच्या टाइमले दवाखान्यात जातानी रिक्षावाल्यानं जे सांगतलं ते देऊन दिलं. एक शब्द नाही बोलले. मले तवाच समजलं होतं, प्रकाश. पण मी काही नाही म्हटलं. वाटलं, म्हटलं तं खरं होऊन जाईन."

इतकी वर्षं मी या बाईच्या हुज्जतीवर हसत आलो होतो. मला माझी लाज वाटली.

पुढे तो पेरूच्या गाडीशी थांबला होता. पेरूवाल्याने भाव सांगितला. तो चाचरत म्हणाला, "थोड़ा... कम नहीं होगा?"

पेरूवाल्याने मान हलवली. मी मदतीला पुढे होणार, तेवढ्यात मावशींची बोटं दंडात रुतली.

"थांब, जाऊ नको," त्या कुजबुजल्या. "त्याले करू दे."

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. त्याने गाडीवरचा एक पेरू उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा विचारलं.