चाळीस उशांचा आश्रयदाता

“सगळ्यात मोठी रक्कम माझी! चाळीस उशा!” तपासनीसांनी रविवारच्या जेवणानंतर सासू, सासरे आणि बायको यांच्यासमोर छाती पुढे काढून जाहीर केलं, तेव्हा आपल्या खिशातून एक दमडीही जाणार नाही याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आता ही खात्री कुठून आली, ते आधी सांगायला हवं. तपासनीस विमा कंपनीत होते. जळकी गोदामं, चेपलेल्या गाड्या, गळकी छपरं बघत त्यांची हयात गेलेली. काय टिकेल आणि काय बसेल हे त्यांना वासावरून कळे, आणि त्यांचा अंदाज चुकल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. या विद्येचा घरगुती उपयोग त्यांनी इंटरनेटवर शोधून काढला होता. तिथे एक बाजार भरे. कुणाच्या डोक्यात नवा खेळ किंवा नवं यंत्र आलं की तो ते मांडी, आणि लोक आपापल्या परीने पैसे कबूल करत. ठरलेल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम जमली, तर पैसे कापले जात आणि वस्तू घरी येई. नाही जमली, तर कुणाचा एक पैसाही कापला जात नसे.

बाकीची जनता तिथे चालेल असं काहीतरी शोधत फिरे. तपासनीस हमखास बुडेल असं शोधत. मोठ्या मनाने मोठी रक्कम कबूल करायची, पानावर आपलं नाव झळकवायचं, बिचाऱ्या संशोधकाचे हात जोडलेले निरोप वाचायचे, आणि मुदत संपली की पैसे जागच्या जागी! दानशूर म्हणून नाव व्हायचं आणि दान मात्र द्यावं लागायचं नाही.

यात पारख लागते बरं का. उगाच कशालाही हात घालून चालत नाही. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते बसत आणि एकेक नमुना पारखत. अंडं सोलणारं यंत्र दिसलं. छान, पण अंडं आधी अर्धं सोलून द्यावं लागतं. बुडणार! दोन दिवस चालणारा बैठा खेळ, त्यात नियमांचं पुस्तक विटेएवढं. बुडणार! छत्री भिजू नये म्हणून छत्रीवर लावायची छत्री. हिला तर देवही वाचवणार नाही. या सगळ्यांचे तपासनीस आश्रयदाते होते आणि सगळे त्यांच्या अंदाजाबरहुकूम तळाला गेले होते.

अशात त्यांच्या धाकट्या मेहुण्याने स्वतःच त्या बाजारात दुकान मांडलं. घरात त्याला सगळे खटपट्या म्हणत. त्याने घोरणाऱ्याला ढोसणारी उशी केली होती. घोरण्याचा आवाज झाला की उशीच्या पोटातून एक गुबगुबीत हात वर येई आणि मानेखाली ढुशी देई. जेवणानंतर त्याने प्रयोग करून दाखवला. सासरे घोरायच्या आधीच दार करकरलं आणि उशीने दाराच्या नावाने सासऱ्यांना ढोसलं. सासरे खोकले, तर खोकल्याबद्दलही ढोसलं.

‘बुडणार!’ तपासनीसांच्या मनाने टाळी वाजवली. आणि मग ती चाळीस उशांची घोषणा झाली.

“भावोजी!” खटपट्याने वाकून पाय धरले. “घरातल्या माणसाने विश्वास टाकला, मला सगळं मिळालं.”

“अरे, आपलं माणूस पुढे जात असेल तर मागे का बघायचं?” तपासनीस म्हणाले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पेच एवढाच होता की त्यांच्या स्वतःच्या जपून ठेवलेल्या शिलकीखेरीज एवढी रक्कम एकाच खात्यात होती, नवराबायकोच्या सामाईक खात्यात. ती होती स्वयंपाकघरासाठी. तपासनीसांच्या बाईंचं स्वयंपाकघर म्हणजे रोजची झटापट. खणाला गुडघा मारल्याशिवाय तो उघडत नसे, कपाटाचं दार एका हाताने धरून दुसऱ्या हाताने डबा काढावा लागे, आणि नळ आपल्या मर्जीने बंद होई. वर्षानुवर्षं काटकसर करून बाईंनी पैसे जमवले होते, सुतार मापं घेऊन गेला होता, फळ्यांचा रंगही ठरला होता. ‘कबूल करायला काय जातंय? कापले थोडेच जाणार आहेत!’ तपासनीसांनी स्वतःला समजावलं आणि त्याच खात्याचा नंबर टाकला. बायकोची समजूत मात्र अशी झाली की नवऱ्याने स्वतःच्या शिलकीतले पैसे दिले. ती समजूत त्यांनी खोडली नाही.

पहिला आठवडा उशी अगदी शिस्तीत बुडत होती. दुसऱ्या आठवड्यात आकडा थोडा हलला. तपासनीस सावध झाले. आपलं नाव काढून घ्यावं, तर खटपट्या दिवसभर त्या पानावर डोळा ठेवून बसलेला. लगेच कळलं असतं. तेव्हा उशी तिच्या मरणाने मरावी हेच बरं, फक्त थोडा हातभार लावायचा.

ऑफिसात रोखपालाला त्यांनी सहज सांगितलं, “मेहुण्याने एक खुळचट उशी काढली आहे. नादी लागू नका हो. माणूस जरा घोरला की ढोसते.”

रोखपालाने हातातल्या नोटा खाली ठेवल्या. “ढोसते? खरंच ढोसते?”

“म्हणजे काय! झोपेचं खोबरं!”

“साहेब, आमच्या घरी दोन खोल्या आणि तीन घोरणारे. मला सकाळी गाडी चालवताना झोप येते. कुठं नाव नोंदवायचं ते सांगा आधी.”

संध्याकाळपर्यंत अर्ध्या ऑफिसाने उशा नोंदवल्या. “साहेब नको म्हणतायत म्हणजे सगळ्या स्वतःलाच हव्या असणार,” असंही कुणीतरी म्हणालं.

तपासनीसांनी मग टोपणनावाने पानावर झणझणीत अभिप्राय ठोकला: ‘सावधान! ही उशी इतक्या जोरात ढोसते की माझे एक नातेवाईक पलंगावरून खाली पडले!’

तासाभरात त्या अभिप्रायाखाली बायकांच्या प्रश्नांची रांग लागली. ‘खरंच पडतात का?’ ‘अजून जोरात ढोसणारी मिळेल का? आमचे हे फार जड आहेत.’ ‘मला दोन. एक सासऱ्यांसाठी, पण त्यांना सांगू नका.’ आकडा दूध उतू जावं तसा वर आला.

आता शेवटचा उपाय. तपासनीसांनी खटपट्याला घरी बोलावून पोक्त सल्ला दिला. “मखमली खोळ लाव आणि दुप्पट किंमत ठेव. स्वस्त वस्तूला लोक विचारत नाहीत.” दुप्पट किमतीची उशी कोण खुळा घेणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पण खुळे भरपूर निघाले. साध्या उशीवर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांनी मखमलीवर उड्या घातल्या.

“भावोजी, तुमची नजर म्हणजे नजर!” खटपट्या फोनवर गहिवरून म्हणाला. तपासनीसांनी फोन ठेवला आणि पुन्हा आकडा बघितला.

मुदतीचा दिवस रविवार, वेळ दुपारी बाराची. साडेअकराला आकडा ठरलेल्या रकमेच्या जरासा वर गेला. तपासनीस आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे घामाघूम बसले होते. बाई स्वयंपाकघरात एका हाताने कपाटाचं दार धरून, मोबाइल डब्याला टेकवून तेच पान बघत होत्या, आणि खटपट्या त्यांच्याशी फोनवर बोलत होता.

‘आता नाही तर कधीच नाही,’ तपासनीसांनी ठरवलं. शेवटच्या गर्दीत कुणाचं नाव गेलं नि कुणाचं राहिलं, कोण बघतंय! खटपट्याला वाईट वाटेल, पण तरुण आहे, दुसरं काहीतरी करेल. स्वयंपाकघर मात्र पुन्हा उभं राहायचं नाही. बाराला दहा मिनिटं असताना त्यांनी नाव मागे घेतलं. आकडा धाडकन खाली आला. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. वाचलो रे बाबा!

“अहो!” स्वयंपाकघरातून आरोळी आली. “अहो, इकडे या! झालं! वाचवलं मी!”

तपासनीस धावत गेले. “काय वाचवलं?”

“उशीला! कुणीतरी मेल्याने ऐनवेळी एवढी मोठी रक्कम काढून घेतली. खटपट्या रडायचाच बाकी होता. मी म्हटलं थांब, आणि तेवढेच्या तेवढे भरून टाकले.”

“कुठले?” तपासनीसांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

“कुठले काय? याचेच!” बाईंनी त्या हलत्या कपाटाकडे बोट दाखवलं. बोट दाखवताना त्या हसल्या, पण डोळे भरून आले होते. “राहू दे. इतकी वर्षं काढली, अजून काढू. तुम्ही स्वतःच्या शिलकीतले दिलेत, मग सख्खी बहीण असून मी मागे राहू? पण तो माणूस कोण ते कळू दे मला. अशा माणसाला दारात उभं करू नये!”

फोन चालूच होता. बाईंनी आवाज मोठा केला. “काय रे, कळलं का कोण होता?”

पलीकडे खटपट्याने आपली यादी उघडली. कुणाचं नाव गेलं, ते पानावरच्या गर्दीत बाईंना कळलं नसलं तरी तिथे स्पष्ट दिसत होतं.

“कळलं, ताई,” तो सावकाश म्हणाला. “चांगल्या घरचा आहे. चुकून बोट लागलं असणार बिचाऱ्याचं. अजून पाच मिनिटं आहेत. तो परत आला ना, तर तू तुझे लगेच काढून घे आणि तुझं स्वयंपाकघर कर. काय भावोजी, येईल असं वाटतं?”

“मी... मी बघतो,” तपासनीस म्हणाले. “म्हणजे, आत जाऊन बघतो, आला का.”

“येतोय कसला!” बाई म्हणाल्या आणि खणाला गुडघा मारून त्यांनी चमचा काढला.

आतल्या खोलीत तपासनीस उभ्याउभ्याच लॅपटॉपवर वाकले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नुकसानीचे आकडे मांडले होते, आज आपल्या घरात झालेलं नुकसान त्यांना प्रथमच दिसलं. निवृत्तीनंतर फिरायला जायचं म्हणून त्यांनी स्वतःच्या खात्यात गुपचूप पैसे साठवले होते. सामाईक खात्याचा नंबर पुसून त्यांनी त्या खात्याचा टाकला. आणि बटण दाबलं. चाळीस उशा, या खेपेला अगदी खऱ्या.

“आला, ताई! आला परत!” फोनवरून खटपट्या ओरडला. “काढ तुझे, काढ पटकन!”

तपासनीस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंनी आपले पैसे काढून घेतले, मोबाइल खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. आकडा जागच्या जागी होता. घड्याळात बारा वाजले.

“बघ, आला की नाही?” तपासनीस घसा खाकरून म्हणाले. “उगाच मेला म्हणालीस त्याला. भला माणूस असेल गं.”

“भला कसला!” बाई म्हणाल्या. “घरी बायकोने कान उपटला असेल.”