बसमधलं बिऱ्हाड

सासूबाई पायऱ्या चढून आत आल्या आणि त्यांनी घराकडे असं पाहिलं, की पडद्यांनीही मान खाली घालावी.

बसकंपनी बुडाली तेव्हा कंडक्टरला नोकरीच्या बदल्यात उतारावर उभी असलेली ही गाडी मिळाली होती, तीही बिनइंजिनाची. "जावईबापू, उतार संपतो तिथेच तर आमचं घर आहे, तिकडे राहा," असं सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. पण घरजावई होण्यापेक्षा त्याने गाडीतच बिऱ्हाड थाटलं. मागच्या लांब सीटवर गाद्या आल्या, इंजिनाच्या रिकाम्या जागी शेगडी. आज सासूबाई निकाल द्यायला आल्या होत्या. हे घर त्यांना घर वाटलं तर ठीक, नाहीतर मुलगी त्यांच्याबरोबर जाणार होती.

"आई, खिडकीशी बस ना. वारा येतो छान," बायको म्हणाली.

इथेच घोटाळा झाला. मांडीवर पर्स घेऊन खिडकीत बसलेल्या बाई पाहून रस्त्यावरच्या एका गृहस्थाला वाटलं, गाडी सुटतेय. तो धावत येऊन चढला. त्याला हाकलायला कंडक्टरने तोंड उघडलं, पण जन्माच्या सवयीने बाहेर पडलं ते भलतंच.

"पुढे सरका, दार अडवू नका!"

गृहस्थ सरकला. त्याच्यामागून आणखी चार जण चढले.

"हे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"शेजारी," कंडक्टर घाम पुसत म्हणाला. "तुम्हाला भेटायला आलेत."

सासूबाई खुलल्या. "माणसं जोडलीत हो तुम्ही!" म्हणत त्यांनी स्वतः उठून सगळ्यांना चहा दिला.

"ही गाडी रोज असते का हो?" एका प्रवाशाने कप पुढे करत विचारलं. कंडक्टरला ठसका लागला. तेवढ्यात शेवटी चढलेल्या माणसाने उशीर होतोय म्हणून घंटीची दोरी ओढली. टिण टिण!

सासूबाईंबरोबर आलेले सासरे निवृत्त ड्रायव्हर. आल्या आल्या ते मुकाट्याने स्टिअरिंगमागे जाऊन बसले होते. दोन घंट्या ऐकताच त्यांचा हात आपसूक हँडब्रेकवर गेला.

घर निघालं. कपबशा, गाद्या आणि सासूबाई एकाच दिशेला कलल्या.

"अहो, थांबवा!"

"स्टॉप आल्याशिवाय?" सासरे म्हणाले. लग्नानंतर त्यांनी बायकोला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

उतार संपला तशी गाडी सासूबाईंचं फाटक उघडून, दोन कुंड्या आडव्या करून अंगणात थांबली. प्रवासी चहाचं कौतुक करत उतरले.

सासूबाईंनी मागे वळून चढ पाहिला. "आता हे धूड वर कोण ढकलणार?"

"कुणी नाही," बायको शांतपणे म्हणाली आणि कपबशा गोळा करू लागली.

कंडक्टरने मान ताठ केली. "मी सासुरवाडीत पाऊल टाकणार नाही. माझ्या घरातच राहीन!"

"राहा की," सासूबाई म्हणाल्या. "ताट खिडकीतून देत जाईन."