पाण्याच्या आधी पाटी

शनिवारी संध्याकाळी साहेबांच्या नावाची पाटी मधुसूदनच्या खांद्यावर आली आणि तिथूनच सगळं बिनसलं.

"सोमवारी अकराला मोठे साहेब इन्स्पेक्शनला येऊन राहिले," वामनराव देवपुजारी म्हणाले होते. "पाटीवरचं माझं अर्धं नाव उडालं आहे. पेंटरला द्यायची तर तीन कोटेशनं मागवा, मंजुरी घ्या, त्यात दिवाळी उजाडेल. तुझं अक्षर चांगलं आहे. घरी ने, रंगव, आणि सोमवारी दहाच्या आत दारावर लाव. तुझ्या कायम होण्याचा कागदही त्याच दिवशी मोठ्या साहेबांपुढे ठेवतो."

मधुसूदन नागपुरात, सदरच्या त्या कालवा कार्यालयात चार वर्षं ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा होता, पण हंगामी. दर सहा महिन्यांनी त्याची नोकरी एक दिवस मरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जन्माला यायची. ज्या प्रेमिलाशी त्याला लग्न करायचं होतं तिच्या वडिलांना, म्हणजे भैय्याजींना, हा पुनर्जन्म मान्य नव्हता. "पोरगा चांगला हाये," ते म्हणाले होते, "पण टेम्पररी जावई आपल्याले नको. कायम झाले की कळवा." तेव्हा त्या एका सहीवर नोकरी आणि छोकरी दोन्ही लटकलेल्या होत्या. शहाण्या माणसाने अशा वेळी पाटी रंगवून भिंतीला टेकवली असती आणि रविवारभर तिच्यापुढे पहारा दिला असता.

पण पाटी इंग्रजांच्या काळच्या सागवानाची होती. साडेसहा फूट लांब, दीड फूट रुंद, दोन्ही टोकांना सुबक गोलाई. दुसऱ्या कुणाला ती पाटी दिसली असती. मधुसूदनला ती पाटी म्हणून दिसली नाही, कारण त्याला दोन वर्षांपूर्वी सीताबर्डीवर चिवड्याच्या पुडीत एक कागद मिळाला होता.

कागद कुठल्याशा विलायती मासिकाचा होता. त्यावर समुद्राच्या लाटेवर हात पसरून उभा असलेला एक माणूस होता. चिवडेवाल्याने कागद नेमका त्याच्या गुडघ्यांपाशी फाडला होता, त्यामुळे खालचे पाय काय करत होते ते देव जाणे. शेजारी मजकूर होता, की या छंदाला महागडी फळी लागत नाही. कुणी दाराची फळी करतं, कुणी इस्त्रीच्या टेबलाची, ज्याला जे सुचेल ते. तेल पिऊन आरपार झालेला तो कागद मधुसूदनने पोथीसारखा जपला होता.

आता नागपुरात समुद्र कुठला? पण मधुसूदन कालव्याचे नकाशे काढणारा माणूस होता. गेटखालून जोरात सुटलेलं पाणी पायरीवरून उतरलं की पुढे एक लाट उभी राहते आणि तिथेच उभी असते, हे त्याने शंभरदा शाईने काढलं होतं. समुद्रातली लाट पळते, तिच्यामागे माणसाला पळावं लागतं. रामटेकच्या कालव्यावरची लाट सरकारी होती. ती जागची हलत नव्हती.

गेटवरचा चौकीदार कवडू त्याचा दोस्त होता. कालवा सुटला की तो निरोप धाडायचा आणि मधुसूदन फळी घेऊन हजर व्हायचा. पहिली फळी होती आईचा शेवयांचा पाट. तो दोन सेकंदांत बुडाला आणि यमुताईंनी त्या वर्षी शेवया शेजारणीकडे जाऊन केल्या. मग मोरीचं दार झालं, ते लाटेवर उभंच राहिलं, मधुसूदनला खाली सोडून. मग जुन्या कूलरची लाकडं सायकलच्या ट्यूबने बांधून झाली, त्यांनी मध्यावर एकमेकांचा निरोप घेतला. पण कच खाईल तर तो मधुसूदन कसला!

शनिवारी रात्रीच त्याने पाटी रंगवली. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: वा. ग. देवपुजारी, उपविभागीय अधिकारी, कालवा उपविभाग क्रमांक तीन. रविवारी सकाळी रंग खडखडीत वाळलेला होता आणि कवडूचा निरोप दारात होता: पावसाने ओढ दिली, धानाची रोवणी खोळंबली, बारा वाजता गेट दोन फूट उघडणार.

"कुठं चालला रे पाटी घेऊन?" यमुताईंनी विचारलं.

"उन्हं दाखवून आणतो, आई."

"उन्हं आंगणात नाही का?"

आंगणातही होती, पण हा रामटेकच्या एस.टी.त बसला. पाटी चादरीत गुंडाळून त्याने टपावर बांधली. कामठीच्या पुढे वाऱ्याने चादर उडाली. उतरवताना कंडक्टरने पाटी वाचली, मधुसूदनकडे पाहिलं आणि एकदम "जी साहेब" म्हणून स्वतः खाली उतरून दिली. साहेब म्हणवून घ्यायची त्याला सवय नव्हती.

"मधुभाऊ, हे काय आणलं गा?" कवडूने कपाळाला हात लावला. "हे साहेबाचं नाव होय! त्याच्यावर उभे राहसान?"

"नाव खालच्या बाजूला ठेवतो. एकदाच. फक्त एकदा."

आणि खरं सांगायचं तर ते एकदा सोन्यासारखं झालं. सागवानाने त्याला उचललं. लाट पायांखाली गुरगुरत होती आणि मधुसूदन कवायतीतल्या शिपायासारखा ताठ, हात पसरून, तिच्यावर उभा होता. "उभे झाले! मधुभाऊ उभे झाले!" कवडू काठावर नाचत होता. मधुसूदनने आठपर्यंत आकडे मोजले. असा आनंद त्याला उभ्या जन्मात झाला नव्हता. नवव्या आकड्याला तो पाठीवर पडला. डोकं वर काढून पाहतो तर पाटी पन्नास हात पुढे, आता मात्र नाव वर करून, ऐटीत चालली होती.

त्याने ओल्या पँटनिशी कवडूची सायकल हाणली. पाटी दोनदा दिसली. एकदा पुलाखालून निघताना आणि एकदा एका म्हशीच्या पाठीला घासून जाताना. पुढे कालव्याची वाट बाभळींनी अडवलेली होती, त्याला वळसा पडला, आणि मग पाटी दिसलीच नाही. दर मैलाला तो पाण्याकडे पाहायचा आणि दर मैलाला पाणी कमी झालेलं असायचं. वरचे लोक मध्येच बांध घालून पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वळवत होते. अकराव्या मैलावर ते घोट्याएवढं झालं आणि शेवटी चिखलात जिरून गेलं. चिखलात साडेसहा फुटांची एक घसटण होती आणि पाटी नव्हती.

पाटी चिचटोल्यात होती. कालव्याच्या अगदी शेवटी असलेलं हे गाव नकाशात मधुसूदनने कैकदा गिरवलं होतं, पण ते असं खरोखर असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. शाळेपुढच्या कडुनिंबाला, दीड पुरुष उंचीवर, पाटी खिळ्यांनी ठोकलेली. तिला हार घातलेला, खाली नारळ फोडलेला आणि तीस-चाळीस माणसं बसलेली.

"ही पाटी माझी आहे," मधुसूदन धापा टाकत म्हणाला.

गर्दीतून साठीची एक काटक बाई उठली. प्रयागबाई. पाटी तिनेच चिखलातून उचलून डोक्यावर आणली होती.

"तुयी? तू देवपुजारी होय?"

"नाही, मी त्यांच्या ऑफिसातला..."

त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. "हापिसातला हाये!" असा गलका झाला आणि बघता बघता त्याला पाटीखालच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

"आठ वर्षं झाली, अर्जावर अर्ज देऊन राहिलो," प्रयागबाई म्हणाली. "पाणी मागतलं, त पाण्याच्या आधी पाटी धाडली सरकारनं. धाडली त धाडली. आता हापिस इथंच. लिहून घे अर्ज."

"मावशी, पाटी उद्या दहाला नागपुरात दारावर पाहिजे! माझी नोकरी जाईल!"

"आमचे धानाच्या रोपाचे परे वाळून राहिले, त्याचं काय? पाणी येईन तवा पाटी जाईन."

खिळेही तिने वीतभर लांबीचे ठोकून घेतले होते. मधुसूदनने अर्ज लिहायला घेतले. दुसरं काय करणार? अंधार पडेपर्यंत बावीस झाले. जेवायला गरम भात आणि माशाचा रस्सा मिळाला, झोपायला शाळेचा ओटा मिळाला, पण पाटी मिळाली नाही. ओट्याच्या पायरीशी प्रयागबाईने स्वतःची बाज टाकली होती.

सकाळी आठला तो तेविसावा अर्ज लिहीत असताना कवडू दुसऱ्याच कुणाची सायकल मारत, तोंडाला फेस आणून आला.

"मधुभाऊ, मेलो! मोठे साहेब काल बायकोले घेऊन देवाच्या दर्शनाले आले, रामटेकलेच मुक्काम केला. आता म्हणतात, पह्यले कालवा शेवटपर्यंत पाहू, मंग हापिस. आपल्या साहेबाले बी बोलावून घेतलं. जीप येऊन राहिली!"

मधुसूदन झाडावर चढला. दोन्ही हातांनी पाटी धरून त्याने सगळं वजन मागे टाकलं. सागवान हललं नाही, कडुनिंब हलला नाही, पँट मात्र शिवणीत उसवली. तेवढ्यात वळणावर धुरळा दिसला. तो उडी मारून खुर्चीत बसला आणि हातात आला तो अर्ज उलटाच धरून वाचू लागला.

जीप थांबली. मोठे साहेब उतरले. मागून वामनराव उतरले, आणि ज्या गावात आपण जन्मात पाऊल टाकलं नाही त्या गावात, झाडावर, हार घातलेलं स्वतःचं नाव त्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. हार पाहून तर आपण गेलोच की काय, अशी शंका त्यांना क्षणभर आली असावी.

"देवपुजारी," मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही काय भानगड आहे?"

वामनरावांची नजर पाटीवरून मधुसूदनवर आली, मधुसूदनवरून उसवलेल्या पँटवर गेली. मधुसूदनच्या डोळ्यांपुढून प्रेमिला, तिच्यामागे भैय्याजी आणि त्यांच्यामागे कायमचा कागद अशी मिरवणूक निघून जाऊ लागली.

"कँप ऑफिस, सर," वामनरावांनी घाम पुसला. "शेवटच्या शेतकऱ्याला नागपूर लांब पडतं. म्हणून मीच दर सोमवारी इथे..."

"दर सोमवारी?" मोठे साहेब गर्दीकडे वळले. "काय बाई, येतात का हे साहेब?"

प्रयागबाई पुढे आली. तिने वामनरावांना पायापासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिलं. ही बाई जे सांगेल त्यावर आता एक नाही, दोन नोकऱ्या टांगलेल्या होत्या.

"येते न जी," ती म्हणाली. "दर सोमवारी येते. लय चांगला साहेब हाये. मंगळवारपासून पाणी बी येते म्हणे. उद्याच मंगळवार हाये. हो न जी, साहेब?"

"हो," वामनराव म्हणाले. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

"वा! असा अधिकारी मी पाहिला नाही," मोठे साहेब खूष झाले. "आणि हा मुलगा?"

"ट्रेसर, सर. हंगामी."

"या अर्जांवर तर कालची तारीख आहे. रविवारची सुटी टाकून इथे अर्ज लिहितो आणि हंगामी? आजच कायम करा. आणि देवपुजारी, याला इथेच ठेवा. कँप बंद पडता कामा नये."

जीपकडे जाताना वामनरावांनी मधुसूदनचा दंड धरला. "पाटी इथे कशी आली?"

"वाहत, साहेब."

वामनरावांनी थोडा वेळ डोळे मिटले. "हे मी ऐकलं नाही," ते म्हणाले. "आणि पुन्हा कधी ऐकायचंही नाही."

मंगळवारी वरचे सगळे बांध पोलीस उभे करून फोडले गेले आणि आठ वर्षांनी चिचटोल्याला पाणी आलं. बांध्या भरल्या. मधुसूदन मात्र पाटीखाली तोंड पाडून बसला होता. कायम झाला होता, पण कुठे? जिथे पाणी येतं ते सांडलेल्या चहासारखं पसरतं, लाट म्हणून उठत नाही. गेट अकरा मैलांवर आणि सोमवारी साहेब समोर. चिवड्याचा तो कागद त्याने खिशातून काढला, पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

तेवढ्यात "हाऽर्र" अशी आरोळी आली म्हणून त्याने मान वर केली. भरलेल्या बांधीत बैलजोडी धावत होती. मागे दोराला बांधलेली एक जाड फळी चिखल सपाट करत चालली होती आणि त्या फळीवर लुगड्याचा काचा मारून, एका हातात कासरा धरून, साठ वर्षांची प्रयागबाई उभी होती. दोन्ही बाजूंनी पाणी उडत होतं. कोपऱ्यावर बैल गरकन वळले, फळी तिरपी झाली, बाई तिच्याबरोबर तिरपी झाली आणि पुन्हा सरळ झाली. मधुसूदन खुर्चीतून उठला. त्याने तिचे पाय पाहिले. कागदावर जे फाटलं होतं ते समोर होतं.

"मावशी! हे मले शिकवा!"

"यात काय शिकायचं? चढ. पोट्टेपणापासून करून राहिली मी." तो चढला, ताठ उभा राहिला आणि पाच हातांवर चिखलात तोंडावर पडला. प्रयागबाई पोट धरून हसली. "गुडघे वाकव न गा! सरका ताठ उभा राह्यशीन त पडशीनच!"

शुक्रवारी भैय्याजी चौकशी करत चिचटोल्यात आले. जावई कायम झाला म्हणतात, तर एकदा ऑफिस डोळ्यांनी पाहावं असा त्यांचा विचार होता. झाडाला पाटी होती, खाली खुर्ची होती, खुर्चीत कुणी नव्हतं. पलीकडच्या बांधीत बैलांमागे एक माणूस फळीवर गुडघे वाकवून, हात पसरून, मोठमोठ्याने ओरडत चालला होता. केसांपासून पायांपर्यंत चिखल, फक्त दात पांढरे. भैय्याजींनी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, उभं राहून त्याला बराच वेळ पाहिलं.

"बाई," त्यांनी शेजारी उभ्या प्रयागबाईला विचारलं, "हेच का ते कायम झालेले?"

"कायमाचं मले नाई मालूम जी," प्रयागबाई म्हणाली. "पण सकाळपासून पडला नाई."