उतू गेलेले लिग्निन

कोणतेही रोप उभे राहते ते लिग्निनच्या जोरावर, आणि कोणतीही संस्था चालते ती ते काढून टाकण्याच्या जोरावर. काडीकचऱ्यातला हा ताठ पदार्थ निघाल्याशिवाय आतल्या साखरेपर्यंत पोहोचता येत नाही. या कामाला पूर्वप्रक्रिया म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोवेव्हने ब्याऐंशी टक्के लिग्निन निघते. आकडा दारावरच्या फलकावरही आहे.

पद्धत सोपी आहे. गव्हाची काडी दळून तोलावी, क्षाराच्या पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये ठेवावी, धुऊन-वाळवून पुन्हा तोलावी. जे कमी भरेल ते लिग्निन. (मिश्रण उतू जाऊन फिरत्या ताटलीवर सांडते, त्यातली काडीही कमीच भरते, म्हणून तीही लिग्निन. जितके जास्त उतू जाईल, तितका निकाल उत्तम.) ताटली पुसायच्या पाळ्या लावलेल्या आहेत. पुसलेले कोणी तोलत नाही. तशी प्रथा नाही.

ताईंनी न तोलण्याची ही प्रथा मोडली. ताई आमच्यातल्या सर्वांत जुन्या संशोधक. प्रबंध बांधून तयार, तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात. त्यांनी ताटलीवरचे खरवडून, वाळवून, तोलून पुन्हा हिशेब केला. एकतीस टक्के आले. हे सांगितले तर प्रबंध पुन्हा लिहायचा आणि पदवी लांबणीवर.

“ताई, तू आठवडाभर गप्प राहा ना,” थर्मामीटर म्हणाला. (मित्राचे टोपणनाव. कोण कधी तापणार, हे त्याला आधी कळते.)

“अरे, ते लिग्निन नाहीये! नुसती काडी आहे ती!”

“इतकी वर्षं लिग्निन होती ना? मग अजून आठ दिवस राहू दे की.”

ताई सरांच्या केबिनमध्ये गेल्या.

मायक्रोवेव्ह बाहेरून भाजत नाही, आतून मऊ करतो. आमचे सरही ओरडत नाहीत. थोडे बोलतात, थांबतात, पुन्हा थोडे बोलतात. (सलग ताप दिला तर नमुना उतू जातो.) दाराबाहेर एवढेच ऐकू आले: “एकतीस खरे असतील, बाळ. पण ब्याऐंशीवर या सगळ्यांच्या चुली पेटतात. बघ बुवा, तूच ठरव.”

ताई बाहेर आल्या. रंग तोच, आकार तोच. फडके घेऊन त्यांनी ताटली स्वच्छ पुसली आणि फडके नळाखाली धुऊन टाकले. (डोळ्यांतून थोडे उतू गेले. ते आम्ही लिग्निनमध्ये धरले.)

परीक्षेत ताईंनी ब्याऐंशी सांगितले, तज्ज्ञांनी माना डोलावल्या, पदवी मिळाली. चांगला नमुना वाकतो, मोडत नाही.

वाचकांनी आम्हाला खुशाल हसावे. मात्र ब्याऐंशीचा आकडा पहिल्याच परिच्छेदात होता, आणि तिथे ‘मोजला कसा?’ म्हणून आपण थांबला नाहीत. मान हलवून पुढे आलात. अभिनंदन! आपली पूर्वप्रक्रिया कुठेतरी आधीच झालेली आहे, आणि आमच्यापेक्षा चांगली.